गुरुबळ आणि सक्तमजुरी

मी लग्नं लावतो. पोटापाण्यासाठी मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक पाहतो, आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा किरकोळ रजा टाकून मंगलाष्टकं म्हणतो. वडील हेच करायचे, म्हणून मी करतो. रायपुरात मराठी पद्धतीनं लग्न लावणारे आता थोडेच उरले आहेत. इथले हिंदी पंडित रात्री भाँवर, म्हणजे फेरे, पाडतात आणि चांगले पाडतात. पण अंतरपाट धरून, घड्याळाकडे डोळे लावून, अक्षतांचा मारा सोसत लग्न लावणारा माणूस हवा असेल तर ब्राह्मणपाऱ्यात माझ्या घरची बेल वाजवावी लागते.

स्वभावानं मी अपराधी आहे. काही केलं नसलं तरी असतो. कार्यालयात कुणाची फाईल हरवली की माझा चेहरा आधी पडतो. बायको म्हणते, तुम्ही यमाच्या दारात गेलात तरी उशीर झाला म्हणून माफी मागाल. असल्या माणसानं कायद्याच्या सभेला जाऊ नये. पण गेल्या वर्षी अक्तीच्या आधी जावं लागलं.

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. आपल्याकडे त्या दिवशी आमरस करतात. इथे छत्तीसगडात त्या दिवशी मुलं मातीच्या पुतरा-पुतरीचं, म्हणजे बाहुला-बाहुलीचं, लग्न लावतात, आणि काही ठिकाणी मोठी माणसं मुलांचं. म्हणून त्या सुमारास बालविवाह थांबवणारं सरकारी खातं जागं होतं. वॉर्डातल्या एका सभागृहात लग्नाशी संबंध असलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं: पंडित, मौलवी, टेंटवाले, बँडवाले, हलवाई, पत्रिका छापणारे. वधूवर सोडून सगळं लग्न तिथे हजर होतं.

अधिकारी मॅडमनी कलम वाचून दाखवलं. जो कोणी बालविवाह लावेल, चालवेल, लावायला सांगेल किंवा त्याला मदत करेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कठोर कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. कठोर कारावास म्हणजे आपली सक्तमजुरी.

मग टेंटवाला उठला. "मैडम, हम तो खाली कुर्सी देते हैं. कुर्सी पे कौन बैठा, वो हम कैसे देखें?"

"दूल्हा-दुल्हन की कुर्सी तो अलग देते हो न? लाल वाली? उसपे कौन बैठा, वो देखो."

टेंटवाला बसला. बँडमास्तर उठला. "बाजा तो घोड़ी के आगे बजता है मैडम. दूल्हा पीछे रहता है. हमने तो आज तक किसी दूल्हे का मुँह नहीं देखा."

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "पंडितजी लोग तो सामने बैठते हैं."

सगळं सभागृह आमच्याकडे वळलं. टेंटवाले, बँडवाले, हलवाई सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम मोकळेपणा आला, जसा वर्गात दुसऱ्याचं नाव पुकारल्यावर येतो. आमच्यातल्या एका वृद्ध पंडितजींनी हात वर करून विचारलं की पुतरा-पुतरीच्या लग्नाला तरी जाता येईल का. मॅडमनी हा प्रश्न थट्टेवारी नेला नाही. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "उसमें जा सकते हैं."

शेवटी उजवा हात पुढे करून शपथ घेतली. वयाचा कागद पाहिल्याशिवाय लग्न लावणार नाही. मी शपथा फार मनापासून घेतो. हा माझा जुना रोग आहे. बाहेर चहा पिताना बाकीचे पंडित दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तांबद्दल बोलत होते आणि मी तुरुंगात संध्येला पाणी मिळत असेल का, याचा विचार करत होतो.

त्या शपथेचा पहिला बळी चौबे कॉलोनीतला एक नवरदेव होता. बँकेतून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ, दाताची कवळी, डोक्यावर चंद्र. वधू निवृत्त शिक्षिका. दोघांनी उतारवयात एकमेकांना सोबत करायचं ठरवलं होतं आणि मला त्याचं कौतुक होतं. तरी मी म्हणालो, "भाऊ, तुमची दहावीची गुणपत्रिका लागेल."

"कायले?"

"वयाचा पुरावा. एकवीस पूर्ण पाहिजेत."

त्यांनी टकलावरून हात फिरवला. "महाराज, मले नातू हाय. तो पुढच्या वर्षी एकवीसचा होते."

नातू हा पुरावा धरता येतो की नाही, मला माहीत नव्हतं. मी अडून बसलो. बिचाऱ्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून मॅट्रिकची गुणपत्रिका आणली, आणि ती टेबलावर ठेवताच होणाऱ्या बायकोनं उचलली. त्या गणित शिकवायच्या. त्यांनी गणिताच्या रकान्याकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे पाहिलं, आणि गुणपत्रिका उलटी करून ठेवली. लग्न झालं, पण गृहस्थ मला अजून ओळख देत नाहीत.

बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आता एखाद्या श्राद्धाला मेल्याचा दाखला मागा."

हे सगळं मी हसतहसत लिहितो आहे, कारण याच्या पुढचं तसं लिहिता येणार नाही.

रायपुरातच, भनपुरीला, माझे एक यजमान आहेत. मूळ वर्धेकडचे, वडील रेल्वेत होते म्हणून इथे आले आणि राहिले. हे स्वतः एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर आहेत. ट्रकांची ये-जा, ड्रायव्हरांची भांडणं, सगळं तेच पाहतात. त्यांचं लग्न माझ्या वडिलांनी लावलं. त्यांच्या मुलीचं बारसं मी केलं. आणि एक गोष्ट अशी की त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच आठवड्यात, एकाच दवाखान्यात झाल्या. दोघींच्या आया शेजारशेजारच्या पलंगांवर होत्या. माझ्या सासूबाईंनी आणलेले डिंकाचे लाडू तिकडे जायचे आणि तिकडची खीर इकडे यायची. त्यामुळे त्या मुलीचं वय मला कुणाला विचारावं लागत नाही. माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि ओला टॉवेल पलंगावर टाकत होती.

अक्ती उलटून गेल्यावर एका रविवारी हे यजमान पेढे घेऊन आले.

"महाराज, पोट्टीचं जमलं. गोंदियाचे लोक हाय. पोट्टा रेल्वेत टेक्निशियन. आता तुमी मुहूर्त काढून द्या अन् तुमीच लावून द्या."

त्यांनी आपणहून आधार कार्ड पुढे केलं. मी मागेन हे त्यांनी ऐकलं होतं. सगळ्या रायपुरानं ऐकलं होतं. कार्डावर मुलगी अठरा पूर्ण करून महिनाभर पुढे गेली होती.

मी कार्ड उलटसुलट केलं. "हे कसं?"

ते मोकळेपणानं हसले. "तुमाले तं माहीतच हाय. शाळेत घेऊन नाई राहिले होते तवा. वय कमी हाय म्हणे. तं एक वर्स वाढवून लावलं. सगळेच लावत होते. आता पाहा, कामी आलं का नाई?"

"पोट्टी काय म्हणते?"

"पोट्टी काय म्हणन? नर्सिंग करतो म्हणते. म्हटलं कर नं बावा, कोण नाई म्हणते. लग्न झाल्यावर कर. नवरा रेल्वेचा हाय, पास भेटते, जाणं-येणं कर."

"एखादं वर्ष थांबले तर?"

"रेल्वेचा पोट्टा थांबते काय महाराज? हात सोडला का गेला."

इथे मला एक वाक्य म्हणायचं होतं. ती सतरा वर्षांची आहे, मी लावणार नाही. अगदी लहान वाक्य आहे. नंतर स्कूटरवर मी ते अनेकदा म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी चांगलं आलं. पण समोर माझ्या वडिलांचे यजमान बसले होते, पेढ्यांचा डबा उघडा होता, आणि कागद स्वच्छ होता. मॅडम म्हणाल्या होत्या, कागद पाहा. मी कागद पाहिला होता. शपथेचं शब्दशः पालन झालं होतं. मोबाइलवर कायदा काढून वाचला होता तेव्हा त्यात एक सवलतही दिसली होती: हा बालविवाह नाही असं मानायला सबळ कारण होतं, हे लग्न लावणाऱ्यानं सिद्ध केलं तर त्याला शिक्षा नाही. कोर्टात मी आधार कार्ड दाखवून सुटलो असतो. पण माझ्याजवळ तसं मानायला कारण नव्हतं; शेजारच्या पलंगावरून आलेली खीर मी स्वतः खाल्ली होती.

मी पंचांग उघडलं, उगाच पानं उलटली, आणि म्हणालो, "गुरुबळ नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलीच्या लग्नाला तिच्या राशीपासून गुरू चांगल्या स्थानी लागतो. चौथा, आठवा, बारावा असेल तर लग्न टाळतात. खरं म्हणजे त्या वर्षी गुरू बिचारा तिच्या राशीला उत्तम ठिकाणी बसला होता. मी त्याला तिथून उचलला आणि आठव्यात नेऊन ठेवला. कितवा म्हणून कुणी विचारलं नाही. आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही.

"मंग कवा येते?"

"वर्षभरानं."

गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, आणि मुलीला अठरा व्हायलाही जवळजवळ तेवढंच उरलं होतं. ग्रहमान आणि कायदा यांचं इतकं छान गुणमेलन मी कधी पाहिलं नव्हतं. मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

पण यजमान विदर्भातले होते. ते म्हणाले, "ठीक हाय. मंग तोड सांगा."

हे मी विसरलो होतो. शास्त्रात तोड नसलेला दोष नाही. असता तर माझ्या आधीच्या सात पिढ्या उपाशी मेल्या असत्या. मंगळ असला तर कुंभविवाह आहे, गुरू रुसला तर गुरूची शांत आहे. पिवळं वस्त्र, हरभऱ्याची डाळ, दक्षिणा, आणि गुरू परत जागेवर. कायद्यात मात्र शांत नाही. तिथे डाळ चालत नाही. मी ग्रहांच्या आडून कायदा पाळायला गेलो आणि ग्रह तर सगळ्यांत आधी मिटवून घेणारे निघाले.

"शांतीनं भागणार नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. "इतकं खराब हाय?"

मी मान खाली घातली. शरम वाटत होती म्हणून घातली. त्यांना वाटलं, महाराजांना सांगवत नाही. पेढ्यांचा डबा तसाच ठेवून ते उठून गेले.

'गुरुबळ नाही' हे माझ्या तोंडून निघालेलं वाक्य भनपुरीहून गोंदियाला पोचेपर्यंत वाढत गेलं. वाटेत कुणीतरी त्याला मूळ नक्षत्र जोडलं. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, असं मानतात. मुलाच्या वडिलांच्या हृदयात त्याच उन्हाळ्यात स्टेंट बसवला होता. पाहुण्यांनी फोन करून सांगितलं की मुलगी लाखात एक आहे, आमचं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही, डॉक्टरांनी फक्त धोका घ्यायला मनाई केली आहे.

सोयरीक मोडली आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो. काही दिवस मी ताठ मानेनं चाललो. एक बालविवाह माझ्यामुळे टळला होता, कुणाचं मन न दुखवता, कुणाला पोलीस न दाखवता. मॅडमना हे सांगावं असंही मनात आलं.

मग बायको एका हळदीकुंकवाहून आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "भनपुरीच्या पोट्टीच्या पत्रिकेत म्हणे सासरा खायचा योग आहे. तुम्ही सांगितलं, असं म्हणून राहिल्या सगळ्या."

"मी गुरुबळ म्हणालो होतो. तेही एका वर्षापुरतं."

"गुरुबळ कोण लक्षात ठेवते? सासरा मरते, हे लक्षात राहते."

माझी मुलगी आतून आली. त्या दोघी एकाच कोचिंगला जायच्या. ती मराठी समजते, भांडते हिंदीत. "पापा, आपने क्या किया ये? वो रो रही थी. उसको तो शादी करनी ही नहीं थी. सीधा बोल देते कि सत्रह की है, पुलिस आएगी. गुरु को काहे बीच में लाए?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"और अब? अब अच्छा लग रहा है उनको?"

रायपुरातला मराठी समाज लहान आहे. एका टोकाला शिंक आली की दुसऱ्या टोकाला काढा उकळतो. त्या मुलीचं नाव निघालं की बायका आवाज खाली करू लागल्या. आणि याचा परिणाम असा झाला, जो मी पंचांगात शंभर वर्षं शोधला असता तरी सापडला नसता: मुलीचे वडील घाबरले. आज रेल्वेवाला गेला, उद्या कोण येईल? जो येईल त्याला देऊन टाकावी, दोषाची गोष्ट आणखी पसरायच्या आत.

आणि एक जण आला. भनपुरीतच गिट्टी-रेतीचा धंदा असलेला, पस्तिशीच्या पुढचा, पहिली बायको सोडून गेलेला. त्याला पत्रिकेची पर्वा नव्हती. त्याचे वडील केव्हाच वारले होते, त्यामुळे सासरा मरण्याची भीती नव्हती. माझ्या एका वाक्यानं त्या मुलीसाठी शहरात हा एकच योग्य वर शिल्लक ठेवला होता.

यजमान साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, आमंत्रण द्यायला आले. या वेळी पेढे नव्हते.

"तुमाले त्रास नाई देत महाराज. लग्न मंदिरात हाय. तिथला पंडित पत्रिका पाहत नाई, आधार पाहते. तुमी फकस्त आशीर्वादाले या."

तो पंडित त्या सभेत माझ्या मागच्या रांगेत होता. त्यानंही शपथ घेतली होती. तोही शपथ पाळणार होता.

सभेत तक्रारीसाठी एक नंबर दिला होता. मी तो मोबाइलमध्ये साठवून ठेवला होता. त्या आठवड्यात मी तो अनेकदा उघडला. दर वेळी मला यजमानांच्या दारात पोलिसांची जीप दिसायची आणि भिंतीवरचा माझ्या वडिलांचा फोटो दिसायचा. नंबर मी लावला नाही. याबद्दल मला माफी नको आहे; फक्त सांगतो आहे.

साक्षगंधाला मी गेलो. भनपुरीच्या त्या घरासमोरून ट्रक जातात तेव्हा खिडकीच्या काचा वाजतात. आत कूलर चालू होता. मुलगी पाटावर बसली होती, हिरवी साडी, पदर सारखा घसरत होता. नवरदेव सोफ्यावर मोबाइल पाहत होता. शेजारी त्याची आई, आणि त्याचा मामा, ज्यानं हे जुळवून आणलं होतं. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी सगळ्यांना आधीच अक्षता वाटून ठेवल्या होत्या.

"महाराज, दोन शब्द मना," यजमान म्हणाले.

मी उभा राहिलो. "या मुलीच्या पत्रिकेत काही दोष नाही," मी म्हणालो. "मूळ नाही, काही नाही. गुरुबळही होतं. मी खोटं बोललो."

यजमान म्हणाले, "आता काहून सांगून राहिले हे?"

"कारण खरी गोष्ट दुसरी होती. पोट्टी सतरा वर्षांची आहे. ते मला सांगवलं नाही, म्हणून मी गुरूवर ढकललं."

मामा म्हणाला, "कागज तो अठारा का है, पंडितजी."

"कागद चुकीचा आहे. माझी मुलगी आणि ही एकाच आठवड्यातल्या. मी हिचं बारसं केलं."

आणि मग मी कलम म्हणालो. सभेत ऐकलेलं, मोबाइलवर वाचलेलं, सगळं. जो लग्न लावेल त्याला, जो जुळवून आणेल त्याला, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. घाबरलेल्या माणसाचा आवाज सवयीच्या चालीत जातो. माझा मंगलाष्टकाच्या चालीत गेला असावा, कारण 'दंड' म्हणून मी थांबलो तेव्हा आत्याबाईंनी माझ्या दिशेनं अक्षता टाकल्या.

नवरदेवानं पहिल्यांदाच मोबाइलवरून डोळे उचलले. "दूल्हे को भी?"

"दूल्हा अठरा वर्षांच्या वरचा असला तर त्यालाही. आईबापांनाही. बायकांना तुरुंग नाही, दंड आहे."

हे शेवटचं ऐकून मुलाची आई जरा सावरून बसली. मामानं हातातला समोसा बशीत ठेवला. "हमने थोड़ी जमाया है," तो म्हणाला. "हम तो बस साथ में आए हैं." टेंटवाला, बँडमास्तर आणि हा मामा एकाच शाळेत शिकले असावेत.

ते गेले. ज्या माणसाला ग्रह हलवू शकले नव्हते, त्याला एका कलमानं हलवलं. चपला घालताना त्यानं आईच्या चपला घातल्या आणि तशाच परत काढल्या.

घरात आम्हीच उरलो. यजमान ओरडले नाहीत. ते हळू बोलले, ते जास्त वाईट. "महाराज, तुमच्या वडलांनी माह्यं लग्न लावलं. तुमी माह्या पोरीचं दोनदा मोडलं. एकदा देवाचं नाव घेऊन, अन् एकदा पोलिसाचं. पयल्यांदाच खरं सांगतलं असतं तं मी शिव्या दिल्या असत्या अन् थांबलो असतो."

मुलगी पाटावरून उठून आत गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण त्यात आभार नव्हते, आणि नसावेत हे बरोबरच होतं.

त्यानंतर मी ठरवलं की निदान तिचं नाव तरी साफ करायचं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्या घरी जाऊन सांगायला सुरुवात केली: पत्रिका निर्दोष आहे, मी खोटं बोललो होतो. माझी समजूत होती की लोक माझ्यावर चिडतील. कुणी चिडलं नाही. लोकांनी मला चहा दिला आणि कणवेनं पाहिलं. एक वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा स्वभावच भला. पोट्टीचा दोष झाकून राहिले नं? झाका, झाका. आमी कोणाले नाई सांगत." माझं खोटं त्यांनी एका दिवसात मान्य केलं होतं, खरं सांगायला मी चारदा गेलो तरी ते पुण्यकर्म ठरत होतं.

माझं काम कमी होईल अशी भीती होती, तेही उलटंच झालं. एक गृहस्थ कार्यालयातच येऊन भेटले. त्यांच्या मुलानं स्वतःच एक मुलगी पसंत केली होती. ते कुजबुजले, "तुमी ते गुरुबळाचं करता नं? आमच्या पोट्ट्याचं करून द्या. मोडलं पाहिजे, पण आमचं नाव नाई आलं पाहिजे." मी त्यांना नाही म्हटलं. ते म्हणाले, "मंग शनी?"

पावसाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी स्कूटीचा हॉर्न वाजला. माझी मुलगी आणि मागे ती. ती घरात आली, खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभी राहिली. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

"बाबा मान गए?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना मीही हिंदीवर येतो.

"कोई रिश्ता आ ही नहीं रहा न, काका. तो बाबा बोले, बैठे-बैठे क्या करेगी, जा पढ़ ले."

मला फार बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. मी म्हणालो, "मी सगळीकडे सांगतो आहे बेटा. लोक ऐकत नाहीत, पण मी सोडणार नाही. तुझं नाव मी साफ करीन."

"वही बोलने आई हूँ. आप बंद करिए वो."

"काय बंद करू?"

"घर-घर जाके बोलना. अभी तक कोई माना नहीं, अच्छा है. किसी दिन कोई मान गया तो? मेरा दोष निकल गया तो दूसरे दिन से फिर लोग आने लगेंगे, और बाबा फिर बोलेंगे कि रेलवे वाला रुकता है क्या. अब तो अठारा भी हो जाएँगे मेरे. तब आपका वो कानून भी काम नहीं आएगा."

माझी मुलगी दारात हसत होती. मी म्हणालो, "पण ते खोटं आहे. माझ्या तोंडून गेलेलं खोटं आहे."

"हव," ती म्हणाली. "आपने बोला है, तो आप ही निभाओ. चार साल का कोर्स है. उतने दिन रहने दो. उसके बाद जिसको जो बताना है, बता देना."

"आणि तोपर्यंत मला जे वाटत राहील, त्याचं काय?"

तिनं खरंच विचार केला. अधिकारी मॅडमनी पुतरा-पुतरीच्या प्रश्नावर केला होता, तितकाच गंभीरपणे. मग म्हणाली, "वो आप देख लो काका." आणि दोघी स्कूटीवर बसून गेल्या.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. पांढरा कोट घालून बसस्टॉपवर उभी असलेली दिसते. मला पाहून मान हलवते, तेवढंच. यजमान माझ्याकडे येत नाहीत. सत्यनारायणालाही त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं.

परवा एका लग्नात, नवरी बोहल्यावर यायची होती, तेव्हा एक बाई जवळ आल्या. त्यांचा भाचा बँकेत आहे. "महाराज, ते भनपुरीची पोट्टी नर्सिंग करून राहिली म्हणे. दिसाले चांगली हाय. तिचा तो दोष गेला काय हो आता?"

बोहल्यावर अंतरपाट धरायला दोन मुलं उभी होती. घड्याळात मुहूर्ताला थोडा वेळ होता. मला जन्मभर खरं सांगायला इतका मोकळा वेळ आणि इतकी सरळ विचारणारी माणसं मिळाली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "अजून आहे."

बाई हळहळल्या आणि जेवणाच्या हॉलकडे वळल्या. मी पोरांना अंतरपाट जरा वर धरायला सांगितलं.